युटातला शेजार: नाही कसं म्हणावं?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीहून युटा राज्यातल्या लीहाय गावी येऊन दोन वर्षं झाली. नवऱ्याची नोकरी इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. घर मोठं, मागे डोंगर, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. आमची गल्ली जवळपास सगळी मॉर्मन, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका वेगळ्या पंथाची. समोरची शेजारीण पाच मुलांची आई. सामान उतरवत होतो तेव्हाच ती कुकीजची प्लेट घेऊन आली. पहिल्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याने न सांगता, न विचारता आमच्या दारातला बर्फ काढून टाकला. मग चर्चचं आमंत्रण आलं. मी म्हटलं, बघू. मग पांढरे शर्ट, टाय आणि छातीवर काळी पट्टी लावलेली दोन पोरं आली. मी म्हटलं, आत्ता घाईत आहे, नंतर या. ती खरंच नंतर आली. पुन्हा आली. आता संध्याकाळी बेल वाजली की मी हॉलचा दिवा बंद करते.

मुलगी पंधराची आहे. तिच्या वर्गातल्या बहुतेक मुली भर शाळेतून उठून एक तास शेजारच्या इमारतीत ‘सेमिनरी’ला जातात, ही मागे उरते. बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये मुलींचं काहीतरी असतं, तिथे तिला बोलावतात. तिला जायचंय, मी नको म्हटलं. आठ दिवस आमचा अबोला आहे. त्यात तिच्या वाढदिवसाला, रविवारी दुपारी, सात मुलींना बोलावलं होतं. एकच आली, तीही मल्याळी. पोरगी खोलीत जाऊन रडली.

सासूबाई जतहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांनी शेजारणीसाठी हौसेने आलं घालून चहा केला. तिने कपाला हातही लावला नाही. सासूबाई तेव्हापासून म्हणतात, आपल्या हातचं त्यांना चालत नाही. नवरा म्हणतो मी बाऊ करते. त्याची तक्रार एवढीच की इथे रविवारी वाईन मिळत नाही.

ताई, मला एकच विचारायचंय. आम्ही या लोकांना शेजारी म्हणून हवे आहोत की गिऱ्हाईक म्हणून?

ता. क. : 24 जुलैला शेजारीण परेडला चला म्हणते आहे. जावं का?

— लीहायहून एक आई

उत्तर

चहापासून सुरुवात करते, कारण तो गैरसमज आज रात्रीच्या जेवणापर्यंत मिटू शकतो. मॉर्मन पंथात चहा आणि कॉफी वर्ज्य आहे. संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी 1833 मध्ये खाण्यापिण्याचे काही नियम घालून दिले. त्यात दारू आणि तंबाखूबरोबर ‘गरम पेयं’ होती, आणि गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी असा अर्थ पुढे पक्का झाला. तुमच्या शेजारणीने तिच्या सख्ख्या आईच्या घरीही चहा घेतला नसता. आपल्याकडे एखाद्याने घरचं पाणी न घेण्याला जो अर्थ होता (आणि कुठेकुठे अजून आहे) तो घेऊन सासूबाई विमानात बसल्या, त्यांना तरी दुसरं काय सुचणार? त्यांना सांगा, पुढच्या वेळी चहापत्ती न घालता आलं-गवती चहाचा काढा करा, नाहीतर सरळ कोकम सरबत. गंमत म्हणजे या लोकांनी चहा-कॉफीची सगळी हौस थंड सोड्यावर भागवलेली आहे. कोका-कोलामध्ये नारळाचं सिरप, वर साय, अशी पेयं गाडीतून न उतरता घ्यायची दुकानं तुमच्या गावात असतीलच. त्याची सुरुवात 2010 मध्ये दक्षिण युटातल्या सेंट जॉर्ज गावच्या एका दुकानापासून झाली. कोकम त्यांना परकं वाटणार नाही, उलट त्यात सोडा घालून मागतील.

आणि उलट बाजूनेही हे लक्षात ठेवा. समोरच्या घरून कधीतरी थरथरणारी रंगीत जेली येईल. युटाने 2001 मध्ये जेलोला राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलंय, यात अतिशयोक्ती नाही. त्यात जिलेटिन असतं, म्हणजे सासूबाई शाकाहारी असल्या तर त्यांना चालणार नाही. तेव्हा तुम्हीही ‘आमच्याकडे हे खात नाहीत’ असं मोकळेपणाने सांगा. त्यांचा चहा, तुमची जेली, फिटंफाट.

आता वाढदिवस. याचं वाईट मलाही वाटलं, पण त्या सहा मुलींनी तुमच्या लेकीला टाकलेलं नाही. तुम्ही रविवार निवडलात. मॉर्मन घरात रविवार म्हणजे सकाळी दोन तास चर्च आणि मग दिवसभर घर. खरेदी नाही, हॉटेल नाही, मॅच नाही, आणि पार्टी तर नाहीच. त्यातून महिन्याचा पहिला रविवार असेल तर मोठ्या मुलींचा उपवास असतो. दोन वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेले पैसे गरजू कुटुंबांसाठी द्यायचे, अशी पद्धत आहे. (संकष्टी म्हणजे काय हे सासूबाईंना शेजारणीला फार वेळ समजवावं लागणार नाही.) सोमवारची संध्याकाळही टाळा, ती बऱ्याच घरांत कुटुंबासाठी राखलेली असते. पुढच्या शनिवारी त्याच मुलींना पुन्हा बोलवा. कारण द्यायची गरज नाही, केक कापायला पंधरावं वर्ष अख्खं शिल्लक आहे. तरीही कुणीच आलं नाही तर मात्र मला पुन्हा लिहा, मग ती वेगळी गोष्ट आहे.

आता मूळ दुखणं. तुमचं पत्र मी परत वाचलं, आणि त्यात लेक सोडून तुम्ही कुणालाही ‘नाही’ म्हटल्याचं मला कुठे दिसलं नाही. एकदा ‘बघू’, एकदा ‘नंतर या’, आणि मग दिवा बंद. पुण्यात किंवा जतमध्ये ‘बघू’ ऐकून माणूस काय ते समजतो आणि चपला घालतो. दारात उभी असलेली ती पोरं आयडाहोची नाहीतर ब्राझीलची असतील, त्यांनी ‘नंतर या’ला भेटीची वेळ समजून फोनमध्ये नोंद केली. त्यांच्या हिशेबात तुमचं घर उत्सुक घर आहे! दोन वर्षं ती तुम्हाला त्रास देत नाहीयेत, तुमचा शब्द पाळताहेत.

ही पोरं कोण असतात हेही सांगते, म्हणजे दार उघडताना तुमचा राग थोडा उतरेल. अठरा-एकोणीस वर्षांची असतात. मुलगे दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष घर सोडून प्रचाराला जातात. कुठे जायचं ते चर्च ठरवतं, पगार नसतो, खर्च घरचे किंवा ते स्वतः करतात. अशी सत्तर हजारांहून जास्त पोरं आज जगभर फिरताहेत. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांना घरी फोन करायला वर्षातून फक्त दोनदा परवानगी होती, नाताळला आणि मदर्स डेला. आता आठवड्यातून एकदा करता येतो. तुमच्या दारात घामाने भिजून उभा असलेला तो ‘एल्डर’ (प्रचारक मुलग्यांना असंच म्हणतात) अजून दाढीचं ब्लेड नीट फिरवायला शिकलेला नसतो आणि दिवसातून पंचवीस दारं त्याच्या तोंडावर बंद होतात. म्हणून त्याचं ऐकावं असं मी मुळीच म्हणत नाही. पाणी विचारा आणि मग सांगा: “आम्ही हिंदू आहोत, हिंदूच राहणार आहोत. धर्माबद्दल बोलायला कृपया येऊ नका, आणि आमचं नाव तुमच्या नोंदीतून काढा.” हसून सांगा, पण वाक्य पूर्ण करा. ‘सध्या’ हा शब्द त्यात कुठेही येऊ देऊ नका.

शेजारणीशी मात्र हे दारात बोलायचं नाही. तिला घरात बोलवून, बसवून, काढा किंवा सरबत देऊन सांगा. तिने तुमच्यासाठी केलेल्या दोन-चार गोष्टींचं नाव घेऊन आभार माना, बर्फाचा उल्लेख कराच. मग म्हणा, “चर्चला आम्ही येणार नाही, हे आमचं ठरलेलं आहे. पण तुमच्या घरी यायला आम्हाला आवडेल आणि तुम्हीही येत जा.” ही दोन वाक्यं एकापाठोपाठ यायला हवीत. नुसतं पहिलं म्हटलं तर तिला वाटेल दार बंद झालं. नुसतं दुसरं म्हटलं तर पुढच्या रविवारी ती गाडी घेऊन न्यायला येईल.

शेजारी की गिऱ्हाईक? दोन्ही, आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तुमचं कुटुंब गल्लीत आलं तेव्हा त्यांच्या वॉर्डाच्या बैठकीत तुमचं नाव निघालं असण्याची दाट शक्यता आहे. वॉर्ड म्हणजे काही शे लोकांचा चर्चचा विभाग, आणि तो पत्त्यावरून ठरतो. तुम्ही कुठल्या वॉर्डात जायचं हे तुम्ही निवडायचं नसतं, तुमची गल्ली ते ठरवते. त्याचा प्रमुख, म्हणजे बिशप, बिनपगारी असतो. आठवडाभर तो दातांचा डॉक्टर किंवा प्लंबर असतो आणि काही वर्षांनी जबाबदारी दुसऱ्याकडे जाते. आपल्याकडच्या जुन्या चाळीतलं गणेश मंडळ बारा महिने चालू राहिलं असतं आणि आजारपण, बाळंतपण, घर बदलणं, नोकरी जाणं हे सगळं त्याने अंगावर घेतलं असतं, तर ते साधारण असं दिसलं असतं. कधी रविवारी सकाळी त्या इमारतीजवळून चालत जा. वर क्रूस दिसणार नाही. आत प्रार्थनेच्या दालनाला लागून बास्केटबॉलची रिंग लावलेला मोठा हॉल असतो. मयताचं जेवण, मुलींची कवायत, लग्नाचा स्वागत समारंभ, सगळं त्याच हॉलमध्ये.

या एकमेकांना धरून राहण्याला इतिहास आहे. 1838 मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने या लोकांना राज्याबाहेर हाकला किंवा संपवा असा हुकूमच काढला होता. 1844 मध्ये इलिनॉयच्या एका तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथना ठार मारलं. उरलेले लोक ब्रिगहॅम यंग या नव्या नेत्याच्या मागे निघाले आणि 24 जुलै 1847 ला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. तिथे तेव्हा झाडं कमी आणि खारट तळं मोठं. पाट काढले, पाणी वाटून घेतलं, पीक वाटून घेतलं. एकट्याने जगणं शक्यच नव्हतं. तेव्हा समोरच्या गृहस्थाने तुमच्या दारातला बर्फ काढला तो तुम्हाला चर्चमध्ये ओढायला काढला असं मला वाटत नाही. बर्फाचं यंत्र सुरू केलं की रांगेतल्या चार घरांचा काढायचा, हे त्याने त्याच्या वडिलांना करताना पाहिलंय. कुकीजचं वेगळं. त्यात आशा असते. कुटुंब मेल्यानंतरही एकत्र राहतं, पण त्यासाठी त्यांच्या मंदिरातले विधी व्हावे लागतात, अशी तिची मनापासून श्रद्धा आहे. तिला तुम्ही आवडलात तर ती तुम्हाला बोलावणारच. न बोलावणं तिला कोतेपणाचं वाटत असेल.

तुम्ही स्पष्ट नकार दिलात की काहीजण गळतील. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे धक्का बसणार नाही. गल्लीतल्या एखाद्या बाईचा हात उंचावून केलेला नमस्कार थंड होईल, एखादं आमंत्रण यायचं थांबेल. गळतील त्यांच्यासाठी रात्री जागू नका. मात्र बर्फ काढणारा माणूस पुढच्या हिवाळ्यात पुन्हा यंत्र घेऊन आला तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं. यंदा त्याच्या आधी उठून तुमच्या नवऱ्याने त्यांचा बर्फ काढला तर फारच उत्तम. त्याला सांगा, हे रविवारच्या वाईनपेक्षा महत्त्वाचं आहे.

आता मुलगी. इथे मी तुमच्या बाजूने थोडी आणि तिच्या बाजूने जास्त आहे.

सेमिनरी आधी समजून घ्या. शाळेच्या हद्दीला खेटून चर्चच्या मालकीची छोटी इमारत असते. मुलं पालकांच्या परवानगीने एक तास शाळेतून सुटतात आणि तिथे बायबल आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यांचा स्वतःचा धर्मग्रंथ शिकतात. 1912 मध्ये सॉल्ट लेकमधल्या ग्रॅनाइट हायस्कूलशेजारी हे पहिल्यांदा सुरू झालं आणि आज युटाच्या गावोगाव ते इतकं नेहमीचं आहे की पोरांना तो शाळेचाच विषय वाटतो. तो नाही. पदवीसाठी त्याचे गुण मोजत नाहीत, शाळेचा शिक्षक तो शिकवत नाही. म्हणजे तुमची लेक काही हुकवत नाहीये, उलट तिच्या वेळापत्रकात त्या मुलींपेक्षा एक तास जास्त आहे. तो रिकामा ठेवू नका. शाळेच्या समुपदेशकाला भेटून त्या तासाला काय काय घेता येतं ते विचारा. युटाच्या शाळांत हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय नाममात्र फीमध्ये घेता येतात. ‘सगळ्या जातात आणि मी उरते’ यापेक्षा ‘त्या जातात तेव्हा मी कॉलेजचा विषय करते’ हे पंधराव्या वर्षी खांद्यावर घेऊन फिरायला बरं.

बुधवारला मी जाऊ द्या म्हणेन. तिथे बहुतेक वेळा व्हॉलीबॉल असतं, स्वयंपाक असतो, वृद्धाश्रमासाठी गोधड्या शिवणं असतं, सुरुवातीला एक गाणं आणि प्रार्थना. गाणं ऐकून कुणाचा धर्म बुडत नाही. आपल्याकडे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या किती बायका आज सत्यनारायण घालतात बघा की. दोन अटी घाला. घरी आल्यावर काय काय झालं ते सांगायचं, आणि रविवारचे वर्ग व मिशनऱ्यांचे ‘पाठ’ घ्यायचे नाहीत. उन्हाळ्यातल्या मुलींच्या शिबिराचं मात्र वेगळं विचारा, आपोआप हो म्हणू नका. रात्रीची शेकोटी, आठवडाभराची दमणूक, एकेक मुलगी उठून रडत आपल्या श्रद्धेबद्दल सांगते. मोठी माणसं त्यात विरघळतात, पंधराची पोर तर विरघळणारच. त्यात कुणाचा कावा नसतो. पण अशा रात्री तिने एकटीने कसलाही निर्णय घ्यावा असं तुम्हालाही वाटणार नाही.

आणि जे तुम्ही पत्रात लिहिलं नाही पण ओळींमधून दिसतंय, त्याचं उत्तर: अठरा वर्षांखालच्या मुलाचा बाप्तिस्मा आईवडिलांच्या परवानगीशिवाय करायचा नाही, असा या चर्चचा स्वतःचाच नियम आहे. तिला कुणी गुपचूप पाण्यात बुडवून मॉर्मन करणार नाही. हा नियम लेकीला सांगू नका, तुमच्या स्वतःच्या झोपेसाठी लक्षात ठेवा. दुसरा एक नियम सासूबाईंना जरूर सांगा. सोळा वर्षांपर्यंत डेटिंग नको, असं या मंडळींनी आपल्या मुलांना बजावलेलं असतं. हे ऐकल्यावर बुधवारी तिला सोडायला त्या स्वतः तयार होतील.

बाकी तिला तिचं स्वतःचंही काही दाखवायला हवं, नाहीतर तिच्याकडे फक्त ‘आम्ही जात नाही’ एवढंच राहतं. अर्ध्या तासावर साउथ जॉर्डनला श्रीगणेशाचं मंदिर आहे, गणेशोत्सवात तिथे तुम्हाला मराठी नक्की ऐकू येईल. दक्षिणेला स्पॅनिश फोर्कला टेकडीवर राधाकृष्णाचं मोठं पांढरं मंदिर आहे. ते 2001 मध्ये उभं राहिलं तेव्हा आजूबाजूच्या मॉर्मन लोकांनी हाताने काम केलं आणि चर्चकडूनही देणगी आली. वसंतात तिथे होळीचा रंग खेळतात, हजारो येतात, आणि त्यातली बहुतेक गर्दी जवळच्या प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग या चर्चच्याच विद्यापीठातल्या पोरापोरींची असते. दारू नाही, गांजा नाही, नुसता गुलाल आणि हरे कृष्ण. बुधवारच्या मैत्रिणींना तिकडे घेऊन जायला तुमच्या लेकीला सांगा. तिथे ती पाहुणी नसेल, यजमान असेल.

एक सावधगिरी. नव्याने आलेली आपली माणसं युटात पटकन दुसऱ्या एका गटात मिसळतात, चर्च सोडून आलेल्यांच्या. फार चांगली माणसं असतात ती, कॉफी घेतात, मोकळं बोलतात. त्यांची जखम खरी आहे, काहींची घरं त्यात तुटली आहेत. ऐकून घ्या. पण ती जखम तुमची नाही, ती अंगावर घेऊन समोरच्या शेजारणीकडे बघू नका. ज्या शंका तुम्हाला खरंच असतील त्या असू द्या. कृष्णवर्णी पुरुषांना या चर्चने दीर्घ काळ, 1978 पर्यंत, पौरोहित्य नाकारलं होतं, हेही खरंच आहे, आणि लेकीने विचारलं तर तिला सांगा.

तुम्ही लिहिलं नाही, पण मला शंका आहे की शेजारणीशी तुमचं बोलणं हवा, मुलं आणि पाककृती यापुढे सरकत नसणार, आणि म्हणूनच चर्च मध्ये येतं. मी एक विषय सुचवते: पाणी. त्यावर बोलायला तुमच्या घरात आत्ता सगळ्यात जाणकार व्यक्ती सासूबाई आहेत.

ग्रेट सॉल्ट लेक आटतंय. 1987 मध्ये त्याला इतकं पाणी होतं की पंप लावून ते पश्चिमेच्या वाळवंटात सोडावं लागलं. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तेच तळं नोंदी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकावर गेलं. 2023 च्या भरपूर बर्फाने थोडं सावरलं, पण दुखणं गेलेलं नाही. नद्यांचं पाणी तळ्यात पोचण्याआधीच वळवलं जातं, आणि त्यातलं सर्वाधिक शेतीला, त्यातही लसूणघास या गुरांच्या चाऱ्याला आणि गवताला. पश्चिमेकडचा पाण्याचा कायदा असा की ज्याने आधी पाणी वापरलं त्याचा हक्क आधी, आणि वापरलं नाही तर हक्क जायची भीती. मग कोण कशाला पाणी वाचवेल? 2022 मध्ये कायदा थोडा सैल केला, आता शेतकऱ्याला पाणी नदीत राहू देऊनही हक्क राखता येतो. आता सासूबाईंना हे सांगून बघा. एकाच सांगली जिल्ह्यात वाळव्याला उसाचे फड आणि जतला टँकर हे ज्यांनी आयुष्यभर पाहिलं त्यांना लसूणघासाचं राजकारण पाच मिनिटांत कळेल, आणि शेजारणीचे आजोबा कदाचित लसूणघासच पिकवत असतील. दोघींची जुंपू दे. तुम्ही दुभाष्याचं काम करा. अंगणातलं हिरवळीचं गवत काढून कमी पाण्याची झाडं लावायला तुमच्या भागात अनुदान मिळतं का, हेही शेजारणीलाच विचारा, तिला माहीत असेल.

सासूबाई हिवाळ्यात असणार असतील तर एक काळजी घ्या. डिसेंबर-जानेवारीत या खोऱ्यात थंड हवा खाली अडकते, वर उबदार थराचं झाकण बसतं, आणि गाड्यांचा, घरांचा धूर दिवसेंदिवस आत कोंडून राहतो. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्या दिवसांत सकाळचं फिरणं बंद, घरात हवा शुद्ध करणारं यंत्र चालू, आणि फोनवर हवेचा निर्देशांक बघूनच बाहेर. जूनमध्येच आल्या असतील तर हे सोडून द्या.

तुमच्या नवऱ्याचं थोडक्यात. वाईन आणि कडक दारू फक्त सरकारी दुकानात, ती रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बंद. किराणा दुकानात पाच टक्क्यांपर्यंतची बिअर मिळते, तीही 2019 च्या नोव्हेंबरपासून, आधी याहून हलकी असायची. शनिवारी आणून ठेवायची, एवढंच. गाडी चालवताना मात्र गंमत नको. अमेरिकेत इतरत्र रक्तातल्या दारूची मर्यादा 0.08 टक्के आहे, युटात 2018 च्या शेवटापासून 0.05 टक्के. न्यू जर्सीच्या हिशेबाने दोन पेले घेऊन स्टिअरिंगवर बसला तर इथे फसेल.

24 जुलैला नक्की जा. खोऱ्यात पोचल्याचा तो दिवस, म्हणजे ‘पायोनिअर डे’, राज्याची सुट्टी, सॉल्ट लेक शहरात भली मोठी परेड. लोक आदल्या रात्रीच फुटपाथवर गाद्या टाकून जागा धरतात, पोराबाळांसकट तिथेच झोपतात. शेजारीण बोलावते आहे म्हणजे तिच्या गादीशेजारची जागा देते आहे. सासूबाईंना सकाळी न्या, रात्री नको. डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी जास्तीची घ्या, पाच मुलं आहेत समोर. दुपारी परतल्यावर नवऱ्याला कळू द्या की त्याच दिवशी बाहेरची आणि चर्च सोडलेली मंडळी थट्टेने ‘पाय अँड बिअर डे’ साजरा करतात. पायोनिअर डेच्या उच्चारावरून केलेली कोटी आहे ती. त्याला तिकडेही जायचं असेल तर जाऊ दे. गाडी तुम्ही चालवा.